डोळ्यांनी पाहिले म्हणून

डोळा आणि कान यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपल्याकडची वडील माणसे सांगत आली आहेत. कानांनी ऐकलेले खोटे निघू शकते, डोळ्यांनी पाहिलेले मात्र खरे मानावे, असा त्या बोलण्याचा रोख. एखादी गोष्ट पाहायची म्हणजे तेथे स्वतः जाऊन उभे राहावे लागे, त्या काळी ही कसोटी पुरेशी होती. आज आपण घरबसल्या जे पाहतो, ते दुसऱ्या कोणी तरी टिपलेले, कापलेले, जोडलेले आणि मग आपल्यापुढे ठेवलेले असते. तेव्हा ते चार बोटांचे अंतर आता उरले आहे काय, असा प्रश्न मला पडला. आणि तो पडायला कारण झाले खापर गावातील चार मुलांचे भांडण.

खापर हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील, गुजरातच्या सीमेजवळचे गाव. तेथे एका दुकानाच्या ओट्यावर ही मुले एकाच मोबाईलभोवती दाटीवाटीने बसली होती. पडद्यावरचा एक अनोळखी तरुण मोठ्या आत्मविश्वासाने सांगत होता, की अमुक एक ॲप उतरवून घ्या, म्हणजे खेळातले हिरे हवे तितके फुकट मिळतील. बोलता बोलता त्याच्या खात्यावरचा लहानसा आकडा एकदम पाच आकडी झाला. मग काय विचारता! दोघे म्हणाले, खरे आहे. तिसरा म्हणाला, लबाडी आहे. "अरे, लाखो लोकांनी पाहिले आहे, ते सगळे वेडे का?" असे एकाने विचारले. "तू भित्रा आहेस," असे दुसऱ्याने सुनावले. चौथा मुलगा सर्वांत लहान. तो मात्र कोणाच्याच बाजूने बोलेना.

मुलांनी वाद घालू नये, असे मी म्हणणार नाही. खरे काय आणि खोटे काय, हा प्रश्न ज्याला पडतो त्याची बुद्धी जागी आहे, असे मी समजतो. परंतु या वादात पुरावा कोणीच मागत नव्हते. लाखो लोकांनी एखादी गोष्ट पाहिली, यावरून ती लाखो लोकांनी पाहिली, एवढेच सिद्ध होते. आणि भित्रा म्हटल्याने समोरच्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. तो फक्त गप्प बसतो.

पुरावा शोधायचा तर आधी ती वस्तू कशी चालते, हे जाणून घ्यावे लागते. बँकेच्या पासबुकात शंभर रुपयांची नोंद आहे आणि आपण पेनने त्यापुढे तीन शून्ये काढली, तर आपण लखपती होऊ काय? पैसे पासबुकात नसतात. ते बँकेच्या खातेवहीत असतात, आणि तेथे अजून शंभरच लिहिलेले असतात. जे खेळ इंटरनेटवर अनेक जण मिळून खेळतात, त्यांचेही असेच आहे. हिऱ्यांचा हिशेब आपल्या मोबाईलमध्ये नव्हे, तर खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या दूरच्या संगणकावर ठेवलेला असतो. आपल्या पडद्यावर दिसतो तो केवळ त्याचा उतारा. उताऱ्यावरचा आकडा बदलणे आणि त्याची चित्रफीत काढणे फारसे अवघड नाही. मग हा खटाटोप कोणी कशासाठी करावा? पुष्कळदा त्या ॲपच्या आडून तुमच्या खात्याचा परवलीचा शब्द मागितला जातो, किंवा वडिलांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी विचारला जातो. फुकटच्या हिऱ्यांपायी घरातल्या कष्टाच्या पैशांना वाट फुटते. असे कोणाच्या बाबतीत घडलेच, तर मार भोगावा लागेल या भीतीने ते लपवू नये. घरी ताबडतोब सांगावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

यावरून कोणी म्हणेल, की मग सगळेच खोटे धरून चालावे. हाही आळसच, फक्त उलट्या बाजूचा. २०१६ साली दक्षिण कोरियात गेगुरी या नावाने खेळणारी सतरा वर्षांची एक मुलगी 'ओव्हरवॉच' या खेळात इतका अचूक नेम धरी, की प्रतिस्पर्ध्यांनी तिच्यावर लबाडीचा आळ घेतला. इतके अचूक खेळणे माणसाला शक्यच नाही, असे ते म्हणू लागले. तिने काय केले? शिव्यांना शिव्या दिल्या नाहीत. सर्वांदेखत खेळायला बसली, आणि कॅमेरा तिच्या हातांवर रोखलेला होता. नेम तसाच अचूक लागला. आळ घेणाऱ्यांपैकी दोघांनी आपल्या शब्दाप्रमाणे व्यावसायिक खेळातून माघार घेतली, आणि २०१८ साली ही मुलगी त्या खेळाच्या सर्वांत मोठ्या साखळी स्पर्धेतील पहिली स्त्री खेळाडू ठरली. दिसले ते अविश्वसनीय होते, पण खरे होते.

याउलट प्रकार २०२० साली घडला. 'माइनक्राफ्ट' हा खेळ कमीत कमी वेळात पूर्ण करण्याची शर्यत असते. ड्रीम या नावाने प्रसिद्ध असलेल्या खेळाडूच्या काही चित्रफितींवर परीक्षकांना संशय आला. सोने देऊन वस्तू घेण्याचा एक सौदा या खेळात असतो, आणि शंभरांतून जेमतेम पाच वेळा त्यात हवे ते मोती हाती लागतात. परीक्षकांनी चित्रफिती समोर ठेवून एकेक सौदा मोजला. २६२ सौद्यांत बारा-तेरा वेळा मोती मिळायला हवे होते; मिळाले होते ४२ वेळा. अशीच दुसरी एक मोजणी त्यांनी केली आणि हिशेब मांडला, की असे दैव उघडण्याचा संभव साडेसात लाख कोटींत एक. त्या खेळाडूने प्रथम हे ठामपणे नाकारले. चाहत्यांनी परीक्षकांवर नाही नाही ते आरोप केले. पुढे २०२१ साली त्याने स्वतःच कबूल केले, की खेळाच्या आज्ञावलीत बदल झालेला होता. तो आपल्या नकळत राहिला, असे त्याचे म्हणणे. शाळेत संभाव्यतेचे गणित कशासाठी शिकायचे, असे विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण सांगत असतो.

तुम्ही म्हणाल, खेळातल्या हिऱ्या-मोत्यांवर एवढा खल कशाला? तर ऐका. १९९८ साली नंदुरबार जिल्हा ज्या धुळे जिल्ह्यातून वेगळा निघाला, त्याच धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा मोबाईलवरून सर्वत्र पसरल्या होत्या. त्या दिवसांत देशभर एक चित्रफीत हातोहात पुढे जात होती: मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेतात. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा, असेच ते दृश्य. ती होती पाकिस्तानातील कराची शहरात पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली फिल्म. मूळ फिल्ममध्ये तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. तो शेवट कोणी तरी कापून टाकला होता. अशा या वातावरणात १ जुलै २०१८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षा मागण्यासाठी राईनपाड्यात आली. जमावाने त्यांना मुले पळवणारे समजून ठार मारले. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याइतकाही वेळ कोणाला झाला नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही, असे बंधन घातले. बंधन चांगलेच होते; पण ते त्या पाच जणांच्या उपयोगी पडणारे नव्हते.

खापरच्या ओट्यावरची गोष्ट सांगायची राहिली. तो लहान मुलगा मघापासून चित्रफीत मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहत होता. अखेरीस त्याने मान वर केली आणि विचारले, "याला एवढे हिरे मिळाले, तर त्याने त्यांचे विकत काय घेतले?"

मोठी मुले थबकली. मग चौघांनी मिळून ती शेवटपर्यंत पाहिली. आकडा पाच आकडी होतो आणि त्याच क्षणी चित्रफीत संपते.