माजघर कोणाचे?

मराठीत काही शब्द असे आहेत की ते नुसते उच्चारले तरी एक अख्खे घर डोळ्यांपुढे उभे राहते. ओसरी, देवघर, न्हाणीघर, परस आणि ह्या सर्वांच्या मध्ये असलेले माजघर. ओसरीवर पुरुषांनी बसावे, आल्यागेल्याशी बोलावे, व्यवहार करावे. माजघरात बायकांनी निवडणे-टिपणे करावे, पाळणा हलवावा आणि ओसरीवर जे बोलता येत नाही ते एकमेकींच्या कानांत सांगावे, अशी ह्या घराची जुनी वाटणी. आमच्या डिचोली-पेडण्याकडील मोठ्या घरांतून मधोमध राजांगण असे; तुळस, वरती आकाश, आणि भोवतालच्या पडव्यांतून तीच दबकी कुजबुज. घराची अब्रू ओसरीवर राखली जाई. घराचे दुःख माजघरात हलके होई.

हा शब्द २०१५ साली दूरचित्रवाणीवरील एका मालिकेने उचलला आणि अगदी अनपेक्षित ठिकाणी नेऊन ठेवला. मालिका म्हणजे झी मराठीवरील ‘दिल दोस्ती दुनियादारी’. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ती सुरू झाली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत संपली. मुंबईतील एका सदनिकेत एकत्र राहणारी सहा तरुण मुले-मुली, त्यांच्या नोकऱ्या, भांडणे, जुळणारी व तुटणारी मने, एवढाच तिचा विषय. अमेय वाघ, सुव्रत जोशी, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर, पूजा ठोंबरे आणि पुष्कराज चिरपुटकर ह्या सहाजणांनी ती रंगविली. एकमेकांच्या नात्यातले नसलेले हे सहाजण ज्या घरात राहतात त्या घराचे नाव ‘माजघर’. नाव ठेवणाऱ्याने ते गमतीने ठेवले की जाणूनबुजून, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण आज ती मालिका पुन्हा पाहताना त्या नावातच तिचे सारे मर्म आहे असे वाटते.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, तरुणांच्या प्रेमाची गोष्ट आपल्या समाजाला काही नवी नाही. गोव्यातील गावोगावच्या देवळांपुढील मांडवांत काल्याच्या आणि जत्रेच्या निमित्ताने मराठी नाटके होत आली आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. त्यातील कथा काय आहे? वडीलभावाने एकीकडे लग्न ठरविले आहे, मुलीचे मन दुसरीकडे आहे, आणि धाकटा भाऊ श्रीकृष्ण गोड कपट करून मुलीच्या मनासारखे घडवून आणतो. देवलांच्या ‘संशयकल्लोळा’तही प्रेमिकांच्या मनातील संशयाचेच हसे आहे. ही नाटके सबंध गाव पाही. सासरे पुढे, सुना मागे, मुले पथारीवर. म्हणजे प्रेमाची गोष्ट वडीलधाऱ्यांच्या देखत आणि देवाच्या साक्षीने सांगण्याची रीत आपल्याकडे होती. फक्त ती गोष्ट पुराणातली किंवा मागच्या पिढीतली असावी, आपल्या घरातली असू नये, एवढी काळजी घेतली जाई.

दूरदर्शनने ही गोष्ट मांडवातून घरात आणली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चि. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’मध्ये दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी जुन्या काळच्या मध्यमवर्गीय कुटुंबाची जी मौज दाखविली ती अनेकांच्या स्मरणात असेल. १९८४ साली ‘ये जो है जिंदगी’ आली. तरुण जोडपे, त्यांच्याकडे राहणारा मेहुणा आणि शेजारीपाजारी ह्यांच्यावर आठवड्याला एकदा सारे घर एकत्र बसून हसू लागले. परंतु ह्या साऱ्यांत लग्न झालेले असे किंवा व्हावयाचे असले तर ते घरच्यांनी ठरवावयाचे असे.

त्या काळातील एका मालिकेची येथे मुद्दाम आठवण करून द्यावयाची आहे. ती म्हणजे केतन मेहता यांची ‘मिस्टर योगी’. मधु राय यांच्या ‘किंबॉल रेव्हन्सवूड’ ह्या गुजराती कादंबरीवर ती आधारलेली होती. ह्याच कादंबरीवरून पुढे २००९ साली आशुतोष गोवारीकर यांनी चित्रपटही काढला. अमेरिकेत राहणारा योगेश पटेल लग्नासाठी भारतात येतो आणि बारा राशींच्या बारा मुली पाहतो. नायकाचे काम आपल्या मोहन गोखले यांनी केले होते आणि ओम पुरी सूत्रधार होते. त्या बारा मुलींपैकी प्रत्येकीचे घर वेगळे, वेष वेगळा, स्वप्न वेगळे. परंतु बहुतेक भेटींचा नेपथ्यभाग एकच: दिवाणखाना, खुर्च्या, खाण्याच्या बशा आणि भोवती बसलेले वडीलधारे. मुलीचे खरे मन त्या दिवाणखान्यात क्वचितच उमटे. प्रेक्षक हसत, आणि हसता हसता आपल्याच घरातील ‘दाखविण्याचा’ कार्यक्रम त्यांना आठवे.

आता गंमत पाहा. ह्याच मोहन गोखल्यांची मुलगी सखी ‘दिल दोस्ती दुनियादारी’त रेश्मा झाली. मोहन गोखले १९९९ साली गेले. मुलगी तेव्हा लहान होती. पित्याने पडद्यावर दिवाणखान्यात बसून बारा मुली पाहिल्या. कन्येने पडद्यावर अशा मुलीचे काम केले की जिचा तो दिवाणखान्यातला कार्यक्रम यथासांग पार पडलेला आहे, लग्न लागलेले आहे, आणि तरीही जिचा संसार उभा राहिलेला नाही. एका घरातील दोन पिढ्यांच्या अभिनयात मराठी मध्यमवर्गाच्या विवाहाचा एवढा इतिहास सामावलेला असावा, हा योगायोग मोठा बोलका आहे.

रेश्मा लग्न होऊन मुंबईला येते. ज्या संसारासाठी ती आली तो तिला मिळत नाही, आणि नशिबाने ती ह्या मुलांच्या घरात येऊन पडते. मालिकेत विनोद पुष्कळ आहे. अमेय वाघांचा कैवल्य संगीतात बुडालेला, मीनलला अभिनेत्री व्हावयाचे, सुजय सर्वांत नीटनेटका. ह्यांच्या खटक्यांनी भाग भरून जातो. पण त्या हास्याच्या तळाशी एक गोष्ट सारखी टोचत राहते: रेश्मा हे सारे माहेरी सांगू शकत नाही. आईवडील वाईट आहेत म्हणून नव्हे. ते प्रेमळ आहेत, म्हणूनच सांगवत नाही. त्यांना काय वाटेल, गावात काय होईल, धाकट्यांची लग्ने कशी होतील, ह्या विचारांनी ती गप्प राहते. जन्म दिलेल्या घरात जे बोलता येत नाही ते ती काही महिन्यांपूर्वी अनोळखी असलेल्या पाच जणांपुढे बोलते. म्हणूनच त्या सदनिकेला ‘माजघर’ हे नाव शोभते. नाते नसलेल्या माणसांनी माजघराचे काम केले. आणि मूळच्या माजघराने? हा प्रश्न मालिका विचारीत नाही. तो आपण विचारावयास हवा.

परदेशातील मालिकांशी तुलना करून हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. अमेरिकेतील ‘फ्रेंड्स’ ही मालिका १९९४ पासून २००४ पर्यंत दहा पर्वे चालली. सहा मित्र, एक शहर, एक कॉफीचे दुकान. आपल्या मालिकेची तिच्याशी तुलना झाली ती साहजिकच. परंतु तेथील मुलांचे आईबाप पाहुण्यासारखे अधूनमधून येतात, विनोद करून जातात. आपल्या माजघरातील मुलांच्या डोक्यावर आईबाप सदैव बसलेले असतात, मग ते पडद्यावर दिसोत वा न दिसोत. मराठी मुलगा घरातून बाहेर पडतो. घर त्याच्यातून बाहेर पडत नाही. ह्यात आपले सामर्थ्य आहे तसेच आपले दुःखही आहे.

हे सारे मुंबईचे झाले. शिरगावच्या माणसाला ह्याचे काय, असे कोणी विचारील. शिरगावचेच उदाहरण घेऊ. ह्या भागात खाणींनी अनेक घरांना रोजगार दिला आणि विहिरी व शेते ह्यांचे नुकसानही केले. २०१२ साली खाणी थांबल्या, काही काळाने पुन्हा चालू झाल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा बंद पडल्या. ट्रकच्या हप्त्यांवर चाललेल्या घरांतील मुलांनी पुस्तके उचलली, पदव्या घेतल्या आणि पुण्या-मुंबईची, बंगळूरची वाट धरली. आज डिचोली तालुक्यातील कितीतरी घरांत वरची खोली रिकामी असते, आणि तिकडे परक्या शहराच्या उपनगरात तिघी-चौघी मिळून घेतलेल्या भाड्याच्या जागेत आपली मुलगी भात लावीत असते. तिच्या सोबतिणींची नावे आपणांस ठाऊक आहेत काय? बहुतेक घरांतून ह्याचे उत्तर ‘नाही’ असे येते. पगार किती, हे ठाऊक असते. स्थळ केव्हा पाहावयाचे, ह्याची चर्चा झालेली असते.

आणि अशी सोबत आपल्या परंपरेला परकी आहे असेही कोणी समजू नये. शिरगावच्या श्रीलईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते. रंगीत गोंड्यांची वेताची काठी हाती घेतलेले, मोगरीच्या माळा ल्यालेले व्रतस्थ धोंड पहाटे होमकुंडातून जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीचे दिवस हे लोक कसे काढतात तेही पाहावे. घरदार सोडून गटागटाने एकत्र राहावयाचे, स्नान करून स्वतः रांधावयाचे, एका पंगतीला बसावयाचे. घरी ज्याने कधी भाताचे भांडे उतरविले नाही तोही त्या दिवसांत सोबत्यांसाठी चूल फुंकतो. निखाऱ्यांवरून जाताना प्रत्येकाचे पाऊल ज्याचे त्याचे असते; परंतु त्या पावलाला बळ येते ते ह्या सोबतीतून.

बायकांसाठी पौष महिन्यातील धालोचा मांड होता. दिवसाची कामे उरकून रात्री गावातील स्त्रिया मांडावर जमत, गात, नाचत, खेळत. सासुरवाशिणीला आपले सुखदुःख समवयस्क सखीजवळ उघड करण्याची ती हक्काची जागा होती. देवीची कथासुद्धा हेच सांगते. लईराई आणि तिच्या बहिणी एका घरात राहिल्या नाहीत. एक शिरगावला, एक मुळगावला, एक मये येथे, एक मोरजीला, आणि एक तर म्हापशाची मिलाग्रीस सायबीण झाली असे लोक मानतात. वेगळ्या गावी, वेगळ्या धर्मात जाऊनही फुलांची व तेलाची देवाणघेवाण तुटली नाही. ज्या गावाने आपल्या दैवताबद्दल एवढी उदार कथा रचली, त्या गावाला दूर राहणाऱ्या मुलीचे मन समजू नये, हे कसे व्हावे?

मालिकेतील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. मुंबईत घरभाडे देणे ही केवढी शिकस्त असते हे तिच्यात पुरेसे जाणवत नाही. जात विचारून आणि लग्न झाले आहे काय हे विचारून जागा नाकारणाऱ्या घरमालकांशी मुलांना जे झगडावे लागते त्याचीही झळ तिला फारशी लागत नाही. रोज एक भाग ह्या हिशेबामुळे काही प्रसंग ताणलेले आहेत आणि काही दुःखे एका मिठीत संपलेली आहेत. पुढे २०१७ साली हेच कलावंत घेऊन ‘दिल दोस्ती दोबारा’ आली; कथा वेगळी होती, पण पहिलीची सर तिला आली नाही. मात्र ह्या मंडळींपैकी काहींनी केलेले मनस्विनी लता रवींद्र लिखित, निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘अमर फोटो स्टुडिओ’ हे नाटक चांगले रंगले. त्यात आजचे तरुण गतकाळात जाऊन पूर्वीच्या माणसांचे प्रेम पाहतात. आपल्या आजोबांनाही मन होते हे नातवंडांना कळणे, हीदेखील एक मोठीच गोष्ट आहे.

नातवंडे आजोबांच्या काळात डोकावू शकतात, तर आजोबांनी नातवंडांच्या घरात डोकावण्यास कोणती हरकत? आमच्या वाचक भगिनी-बंधूंना एवढेच सुचवावेसे वाटते की, मुलगा किंवा मुलगी जेथे राहते तेथे एकदा जाऊन यावे. तपासणीसाठी जाऊ नये. सुक्या बांगड्यांची किसमूर, कोकमे, घरचे आंब्याचे लोणचे घेऊन पाहुण्यासारखे जावे. तिच्या सोबतिणींबरोबर जेवावे, त्यांची गावे विचारावीत, त्यांच्या आयांची ख्यालीखुशाली विचारावी. आणि निघताना मुलीला एक वाक्य स्पष्ट शब्दांत सांगून यावे: लग्न ठरो, न ठरो, ठरलेले मोडो, ह्या घरात तुला केव्हाही येता येईल आणि आल्यावर कारण सांगावे लागणार नाही. हे वाक्य मनात असते असे सर्वच आईबाप म्हणतील. पण मनातले वाक्य मुलीला ऐकू येत नाही. रेश्माच्या आईवडिलांच्या मनातही ते असणारच.

माजघर भिंतींनी होत नाही. जेथे खालच्या आवाजात सांगितलेले दुःख कोणी ओसरीवर नेत नाही, ते माजघर. मुलांनी ते परक्या शहरात उभारले ह्याचा आनंद मानावा. आपल्या जुन्या घरातले ते अडगळीने भरून गेले असेल, तर तेवढे मोकळे करून ठेवावे.