वस्तीवरचा इन्व्हर्टर : आधी हिशेब, मग खरेदी



ऊस नोंदीच्या निमित्ताने आम्ही पैठण, गंगापूरकडच्या वस्त्यांवर हिंडतो. शेतीच्या लाईनवर लाईट ठराविक तासच, आणि काही वस्त्यांवर तर खांबच पोचलेला नाही. तोडीचा निरोप हल्ली मोबाईलवर येतो, अन् नेमका मोबाईल उतरलेला! म्हणून सभासद इन्व्हर्टर घेऊ लागले, हे योग्यच. पण दुकानात जाऊन "मोठ्यातला द्या" म्हणायचे, ही रीत आम्हांस पटत नाही.

आमचे स्पष्ट मत असे की, वस्तीला इन्व्हर्टर लहान अन् बॅटरी चांगली हवी. हिशेब करून पाहा. 9 वॅटचे दोन बल्ब, दोन मोबाईल, 40 वॅटचा टीव्ही व त्याचा सेटटॉप बॉक्स मिळून 90 वॅटच्या आसपास होतात. पाच तासांचे 450 वॅट-तास. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 1200 वॅट-तास असतात. पण ॲसिडची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाताशी 600. इन्व्हर्टरची घट धरूनही भागते. याला 300 वॅटचा इन्व्हर्टर पुष्कळ झाला. मोठा इन्व्हर्टर नुसता चालू राहून 15 वॅट खात असेल, तर दिवसरात्रीत 360 वॅट-तास त्याच्याच पोटात जातात. डब्यावर व्हीए छापलेले असते, वॅट त्याहून कमी भरतात. वॅट विचारूनच घ्यावा, आणि तोही साइन वेव्हचा.

ट्रॅक्टरची बॅटरी लावू नये. ती इंजिनाला क्षणभर जोर देण्यासाठी असते. रोज रिकामी केली की लवकर बसते. ट्यूब्युलर घ्यावी.

सौर पंपवाले सभासद विचारतात, त्याच कंट्रोलरवर घरचा टीव्ही जोडू का? मुळीच नको. मोटारीकडे जाणारी ती वीज उन्हाप्रमाणे कमीजास्त होते, टीव्ही जळायचा. घरासाठी 200 वॅटचे वेगळे पॅनेल व चार्ज कंट्रोलर बसवावा. नुसते बल्ब-मोबाईलच असतील तर इन्व्हर्टरचा खर्चही वाचतो. 12 व्होल्टचे बल्ब व गाडीतला मोबाईल चार्जर फ्यूज टाकून त्याच कंट्रोलरवर चालतात.

बॅटरी झोपायच्या खोलीत ठेवू नये, चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो. आणि तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे, विहिरीचे क्षाराचे पाणी नव्हे.