नवं घर आणि रुसलेली झोप

गेल्या दिवाळीनंतर आम्ही कराडच्या जुन्या वाड्यातून फ्लॅटमध्ये राहायला आलो. वास्तुशांत झाली, पाहुणे गेले आणि माझी झोपच उडाली. लिफ्टचा आवाज, जिन्यातली पावलं. रात्रीतून दोन-दोनदा उठून कडी बघायची. "एवढं छान घर झालं, आता काय कमी आहे?" असं ह्यांनी विचारलं, तेव्हा मलाच अपराधी वाटलं.

पुढे वाचनात आलं की, नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त सावध राहते. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ साली हे आढळलं. म्हणजे ही काही माझी थेरं नव्हती! पण पहिल्या रात्रीची राखण माझ्या बाबतीत आठवडाभर का चालली? मला वाटतं, गॅस, नळ, कुलूप, सासूबाईंचं औषध, सगळं बाईच्याच डोक्यात असतं म्हणून.

मग कडी-कुलूप आणि गॅस बघायचं काम मी ह्यांच्याकडे दिलं. नव्या चादरी ठेवून जुनी गोधडी काढली. दुपारची झोप आणि संध्याकाळचा चहा बंद केला, सकाळी उठायची वेळ एकच ठेवली. झोप येईना तर कूस बदलत न राहता थोडा वेळ उठून बसायचं. तीनेक आठवड्यांत फरक पडला.

मैत्रिणींनो, महिना उलटला तरी झोप लागत नसेल, तर शेजारणीच्या गोळ्या घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि घरच्यांना एवढंच सांगा, घर सगळ्यांचं, तर त्याची राखणही सगळ्यांनी करायला नको का?