दूरचा मास्तर

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात ते आठ मी घरात असूनही घरी नसतो. कोथरूडमधल्या माझ्या खोलीचे दार लोटलेले असते, टेबलावर लॅपटॉप असतो, आणि त्याच्या पडद्यावर मुळशी धरणापलीकडच्या एका गावातल्या शाळेचा वर्ग. बाकांवर सहा मुले दाटीवाटीने बसलेली असतात, मागे शाळेच्या बाई वह्या तपासत असतात. २०२४च्या जूनमध्ये एका स्वयंसेवी मंडळाच्या सांगण्यावरून दहावीच्या मुलांना गणित शिकवण्याचे हे काम मी पत्करले, तेव्हा सौ. म्हणाली, "जन्मभर लोकांचे हिशेब तपासलेत, आता मुलांचे तपासा." तिला गंमत वाटत होती. मला मात्र वाटत होते की आपण समाजाचे काही भले करायला निघालो आहोत. पहिल्या महिन्यातच माझा हा भ्रम उतरला, आणि तो उतरला हे फार बरे झाले.

मुळशी मला नवी नाही. बँकेत असताना, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, या तालुक्यातल्या एका शाखेत मी तीन वर्षे काढली. हिंजवडीला तेव्हा नुसती शेते होती. जमीन विकून आलेले पैसे फडक्यात बांधून एखादा शेतकरी काउंटरपाशी येई आणि विचारी, "सायेब, याज किती पडंल?" मी सांगेन तो आकडा त्याच्या दृष्टीने खरा. शेकडा म्हणजे काय, सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज यांत फरक कोणता, हे त्याला ठाऊक नसे. आणि मागे रांग उभी असल्यामुळे मलाही सांगायला सवड नसे. मधल्या दलालाने किती गुंठ्यांचे पैसे खाल्ले हे कित्येकांना जमीन गेल्यावर उमगले. गणित न येण्याची किंमत आपण शहरात मार्कांत मोजतो. तिथे ती गुंठ्यांत मोजावी लागते, हे मी तेव्हा पाहिले.

आज त्याच तालुक्यात हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत हजारो अभियंते काम करतात, आणि त्याच तालुक्यात, ताम्हिणीच्या बाजूला, दहावीच्या मुलाला गणितात अडले तर विचारायला घरात कोणी नसते. हे एकट्या मुळशीचे दुखणे नव्हे. 'असर'ने २०२३ साली २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत, ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांची पाहणी केली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण निम्म्याहून अधिक मुलांना आले नाही. आले ते सुमारे ४३ टक्क्यांना. हा भागाकार प्राथमिक शाळेतला आहे. त्यावर वर्गसमीकरणाचा मजला चढवायचा म्हणजे काय होणार, ते सांगायला इंजिनिअर नको.

पण मी तोच मजला चढवायला गेलो. पहिले तीन आठवडे मी वर्गसमीकरणे अशी काही रंगवून शिकवली की माझे मलाच कौतुक वाटले. "समजलं?" असे विचारले की सहाही जण एका सुरात "होऽऽ सर" म्हणत. मग एक साधी चाचणी घेतली. सहापैकी पाच कागद जवळजवळ कोरे होते. सहाव्या कागदावर एका मुलीने एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असे लिहिले होते. वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले, झाले.

मी तिला रागावलो नाही, हे त्यातल्या त्यात बरे. विचारले, "अर्धी भाकरी खाल्लीस आणि वर भाकरीचा तिसरा हिस्सा खाल्लास. एकूण अर्धीपेक्षा जास्त की कमी?"

"जास्त."

"आणि दोन पंचमांश?"

ती बराच वेळ गप्प बसली. कागदावर काहीतरी काढले, पुसले. मग हळूच म्हणाली, "सर, हे तर अर्धीपेक्षा कमी भरतंय." तिच्या चेहऱ्यावर चूक सापडल्याची लाज नव्हती, चोर सापडल्याचा आनंद होता. मग तिनेच सांगितले, "सर, हे मला पाचवीपासनं कळलंच नव्हतं."

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ही मुले पाचवीत होती. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असे सरकारने म्हटले खरे, पण यांच्या घरचा एकुलता एक फोन सकाळी बापाबरोबर कामावर जाई. पाचवीतले कच्चे अपूर्णांक ज्या सहावी-सातवीत पक्के व्हायचे, ती वर्षे अशी गेली. त्यानंतर मूल वर्ग चढत गेले आणि अडलेले मागेच राहिले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर आरंभीची शिल्लकच चुकीची होती. पुढची सगळी पाने बरोबर लिहिली तरी ताळा जुळणार कसा?

त्यानंतर मी पुस्तक मिटले आणि गुंठा काढला. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, हे तिथल्या पोराटोरांना ठाऊक असते. 'अ अधिक ब'चा वर्ग हे सूत्र सगळ्यांना पाठ होते, पण त्यातले 'दोन अ ब' कुठून आले हे एकालाही सांगता येईना. म्हटले, गुंठ्याचे चित्र काढा. त्यात ३० बाय ३०चा एक मोठा तुकडा, कडेने ३० बाय ३च्या दोन पट्ट्या, आणि कोपऱ्यात ३ बाय ३चा एवढासा तुकडा. ९००, दोन वेळा ९०, आणि ९. बेरीज १०८९ चौरस फूट. एक मुलगा ओरडला, "सर, ह्या दोन पट्ट्या म्हंजेच ते दोन अ ब!" माझ्या चाळीस वर्षांच्या लेखनावर इतकी उत्स्फूर्त दाद मला कोणी दिलेली नाही.

आता कोणी म्हणेल, गणिताचे व्हिडिओ फुकट आणि हवे तितके मिळतात. मग मास्तर कशाला? ज्याने हे व्हिडिओ जगभर पोचवले त्या सलमान खान यांचीच गोष्ट पाहा. (हा सिनेमातला नव्हे, हा अमेरिकेतला, आमच्यासारखाच पैशाच्या धंद्यात असलेला.) २००४ साली त्यांच्या नात्यातली एक मुलगी मापांच्या रूपांतराशी अडली होती. ती न्यू ऑर्लीन्सला, हे बॉस्टनला. ते तिला दुरूनच शिकवू लागले. व्हिडिओ आले २००६मध्ये. त्याआधी होते ते एका मुलीशी केलेले बोलणे. आणि २०२० साली याच गृहस्थांनी 'स्कूलहाउस' नावाची विनामूल्य व्यवस्था उभी केली, ज्यात स्वयंसेवक मुलांच्या लहान गटांना दुरूनच, पण थेट शिकवतात. आपल्याकडेही भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली, तेव्हा त्यातली कितीतरी गणिते कोणा मुलीला उद्देशून घातली. गणित हा पहिल्यापासून बोलण्याचा विषय आहे. व्हिडिओ उत्तम सांगतो, पण "तुझे नेमके कुठे अडले?" हे त्याला विचारता येत नाही, आणि कोरा कागद पाहून थांबता येत नाही.

बंगळूरच्या 'ई-विद्यालोक'सारख्या संस्था २०११पासून खेड्यांतल्या शाळांना असे दूरचे शिक्षक मिळवून देत आहेत. तेव्हा वाट नवी नाही. तिच्यावर चालू पाहणाऱ्या वाचकांना माझ्या ठेचांवरून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट भाषेची. आमच्यातला हिंजवडीचा एक तरुण फार हुशार, पण 'कोएफिशंट' आणि 'डिनॉमिनेटर' म्हणे. मुले 'सहगुणक' आणि 'छेद' शिकलेली. दोन आठवडे त्यांना वाटत होते की हे काही निराळेच गणित आहे. शिकवण्याआधी बालभारतीचे पुस्तक स्वतः वाचावे. सेमी-इंग्रजीची मुले असतील तर हेच उलट करावे.

दुसरी, शाळेच्या बाई. "तुम्ही शिकवता म्हणजे शिक्षकांची जबाबदारी सुटली," असे काही मित्र म्हणतात. अनुभव उलटा आहे. कोण घरी काय करून आले, कोणाच्या घरी काय चालले आहे, हे बाईंना कळते; मला पडद्यावर नुसते कपाळ दिसते. बाई नसत्या तर माझा तास म्हणजे आकाशवाणी झाली असती. शिवाय मुले लहान आणि आपण परके. मोठे माणूस शेजारी असल्याशिवाय हा तास होऊच नये.

तिसरी, जागा. 'असर'च्या त्याच पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी सुमारे २० टक्क्यांकडे. तास मुलांच्या फोनवर ठेवला, तर पहिल्यांदा मुली गळतात. म्हणून तो शाळेत, शाळेच्या संगणकावर व्हावा.

चौथी गोष्ट मला लिहिताना जड जाते. ऑगस्टात एका साहित्यिक कार्यक्रमासाठी मी लागोपाठ दोन शुक्रवार बुडवले. फुकटची सेवा, एखादा तास राहिला तर काय, असा विचार. निरोप दिला तोही ऐन वेळी, आणि पावसाने रेंज गेल्यामुळे पोचलाच नाही. पुढच्या मंगळवारी बाईंनी सांगितले, मुले दोन्ही वेळा वाडीवरून भिजत आली आणि काळ्या पडद्यासमोर तासभर बसली. मुलांनी तक्रार केली नाही. तीच मुलगी एवढेच म्हणाली, "सर, आम्हाला वाटलं आमचं चुकतंय म्हणून तुम्ही कंटाळलात." बँकेत आम्ही लोकांना आवर्ती ठेवीचे महत्त्व सांगत असू: रक्कम छोटी चालेल, पण हप्ता चुकवू नका. माझ्याच हप्त्याला मी चुकलो होतो. त्यानंतर आजारपण सोडले तर मी तास बुडवलेला नाही.

मुळशीच्या पाण्याची वीज मुंबईला जाते. त्या धरणासाठी जमिनी गेल्या, म्हणून १९२१ साली सेनापती बापटांसह मावळ्यांनी सत्याग्रह केला, आणि जमिनी तरीही गेल्या. शंभर वर्षे या तालुक्याने शहरांना पुष्कळ दिले आहे. शहरातून तारेवरून आठवड्याला दोन तास परत जात असतील, तर त्याला सेवा म्हणण्यापेक्षा व्याज म्हणावे, आणि तेही फार थोडे.

२०२५च्या मे महिन्यात निकाल लागला. सहापैकी पाच गणितात सुटली. भाकरीवाल्या मुलीला ५२ मार्क पडले आणि ती पॉलिटेक्निकला गेली. गुंठ्याच्या पट्ट्या ओळखणारा मुलगा मात्र नापास झाला. पुरवणी परीक्षेतही तीन मार्कांनी राहिला. दिवसा तो पिरंगुटला एका गॅरेजमध्ये काम करतो. पुरवणीचा निकाल लागला त्या आठवड्यात मला वाटले, आता हा येत नाही. शुक्रवारी सात वाजता पडदा उजळला, तेव्हा नव्या मुलांच्या मागे, शेवटच्या बाकावर, हाताला काळे तेल लागलेला तो बसला होता.

"सर," तो म्हणाला, "यंदा अपूर्णांकापासनं सुरू करू या का?"

आम्ही तिथूनच सुरू केले.