पुढचे शॉकअप उतरवण्याआधी

बेताच्या उंचीच्या माणसाने रॉयल एनफिल्डची ‘हिमालयन’ घेतली की गॅरेजात एक सल्ला हमखास मिळतो: पुढून थोडी खाली करून घ्या, पाय टेकतील, गाडी वळणावर बसूनही राहील. काम सोपे असते. टीचे, म्हणजे फोर्क धरणाऱ्या पट्ट्यांचे, बोल्ट सैल करायचे, फोर्कचे (पुढच्या शॉकअपचे) पाइप वर सरकवायचे, पुन्हा आवळायचे. लडाख-स्पितीला निघालेल्यांनी हा सल्ला साफ नाकारावा.

पाय टेकण्याचा दावा मोजपट्टीसमोर टिकत नाही. सीट मागच्या चाकाकडे असते. दोन चाकांमधल्या अंतराचा साधारण तिसरा हिस्सा मागच्या आसापासून पुढे. त्यामुळे पुढून ३० मिलिमीटर उतरवले तरी सीट उतरते जेमतेम १० मिलिमीटर. एवढ्यासाठी फोर्क सुमारे एक अंशाने उभा होतो, ट्रेल, म्हणजे हँडल सरळ ठेवणारे पुढच्या चाकाचे मागे पडलेले अंतर, घटतो आणि मोकळ्या खडीवर हँडल हाताला झटके देऊ लागते.

वळणावर बसून राहण्याचे म्हणाल, तर गुळगुळीत रस्त्यावर गाडी थोडी चपळ वाटेलही. पण स्पितीच्या वाटेवरचा ग्राम्फू ते बातल हा रस्ता गोट्यांचा आणि ओढ्यांचा. हिमालयन ४११ला पुढे २०० मिलिमीटर ट्रॅव्हल (फोर्कचा हलण्याचा वाव) आणि २२० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स अशाच रस्त्यांसाठी दिलेला आहे. त्यातला क्लिअरन्स कमी केला की इंजिनाखालची बॅश प्लेट दगडावर आपटणार.

याहून घातक प्रकार म्हणजे स्प्रिंग कापणे. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग मऊ होत नाही, उलट कडक होते. फोर्कचा हलण्याचा वावही घटतो. जाड ऑइल ओतूनही हे सावरत नाही. ऑइल फक्त हालचालीचा वेग आवरते, वजन पेलण्याचे काम स्प्रिंगचेच.

रॉयल एनफिल्डने २०२२ साली स्क्रॅम ४११ आणली तेव्हा पुढचे चाक २१ इंचांवरून १९ वर आणले, ट्रॅव्हल १९० मिलिमीटर केला, क्लिअरन्स २०० केला. म्हणजे उंची घटवताना कंपनीने सगळी मांडणीच नव्याने जुळवली, आणि तीही मुख्यतः शहरी वापरासाठी.

मग पुढच्या शॉकअपला हातच लावू नये का? जरूर लावावा, पण सुधारण्यासाठी. साध्या फोर्कमध्ये ऑइल ठरावीक छिद्रांतून जाते. त्यामुळे ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसते आणि धारदार खड्ड्यात तोच फोर्क लाकडासारखा ताठ होतो. कार्ट्रिज इम्युलेटर नावाची झडप नेमका हा दोष कमी करते. त्याआधीची पायरी मात्र स्प्रिंगची: ती चालवणारा आणि सामान यांच्या वजनाला जुळली पाहिजे. दोन्हींच्या भाराने फोर्क एकूण ट्रॅव्हलच्या तिसऱ्या हिश्शाइतका, म्हणजे २०० मिलिमीटरच्या फोर्कमध्ये ६५च्या आसपास दबावा. यालाच सॅग म्हणतात.

कमी उंचीच्या चालकांची अडचण खरी आहे. उतारावर थांबताना पाय न पोचणे धोक्याचेच. पण तिचा इलाज सीटमध्ये आहे. हिमालयन ४५०ची नेहमीची सीट ८२५ मिलिमीटरवर असते, लो सीट ८०५वर. हे २० मिलिमीटर सस्पेन्शनला धक्का न लावता मिळतात, फोर्क सरकवून मिळणाऱ्या उंचीच्या दुप्पट. ४११वाल्यांना सीटचा फोम तासून घेता येतो. तरीही गाडी उतरवायचीच असेल, तर पुढून-मागून सारखी उतरवा आणि साइड स्टँडही आखूड करून घ्या, नाहीतर उभी केलेली गाडी पुरेशी कलत नाही आणि पलीकडच्या बाजूला पडते.

पुढच्या वेळी फोर्क ऑइल बदलायला जाल, तेव्हा सामान बांधून जा, गाडीवर बसा आणि मेकॅनिककडून सॅग मोजून घ्या.