निसटता पराभव

पराभव दोन प्रकारचे असतात. एक सपशेल आणि दुसरा निसटता. सपशेल पराभवाचे दुःख तीव्र असले, तरी ते फार काळ टिकत नाही. प्रतिपक्ष आपल्याहून सरस होता, एवढे मान्य केले की मनाचे समाधान होते. निसटत्या पराभवाचे तसे नाही. हातातोंडाशी आलेला घास गेल्याची चुटपुट मनाला दीर्घकाळ लागून राहते, आणि मग माणूस त्याची कारणे शोधू लागतो. बहुधा दोनच कारणे पुढे केली जातात. कोणी म्हणतो, दैव प्रतिकूल होते. कोणी म्हणतो, आयत्या वेळी खेळाडूंनी कच खाल्ली. ही दोन्ही कारणे सांगावयास सोपी आहेत. परंतु ती खरी असतात काय? ज्या संघावर असा प्रसंग वर्षानुवर्षे ओढवला, त्याच्या इतिहासावरून या प्रश्नाचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

अमेरिकेच्या मध्यभागी नेब्रास्का नावाचे एक कृषिप्रधान राज्य आहे. त्याची लोकसंख्या सुमारे वीस लाख. लिंकन या राजधानीच्या शहरी तेथील विद्यापीठ असून त्याचा फुटबॉलचा संघ म्हणजे साऱ्या राज्याचा अभिमानाचा विषय होय. मक्याची कणसे सोलणारे, अशा अर्थाचे नाव हा संघ मिरवतो. त्याचे सामने पाहण्यास सुमारे ८५ हजार प्रेक्षक जमतात. १९७०, १९७१, १९९४, १९९५ व १९९७ या पाच हंगामांत या संघाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले.

अमेरिकेतील हा फुटबॉल आपल्याकडील फुटबॉलहून अगदी निराळा आहे. चेंडू लंबगोल असतो आणि तो मुख्यतः हातांनीच नेला किंवा फेकला जातो. प्रत्येक पक्षात अकरा खेळाडू असतात. चढाई करणाऱ्या पक्षाने चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल मारावयाची. ती मारली, तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की सहा गुण, त्यानंतर लाथेने खांबांमधून उडविला तर आणखी एक, किंवा पुन्हा रेषेपलीकडे नेला तर आणखी दोन. दुरूनच लाथेने खांबांमधून उडविल्यास तीन गुण. म्हणजे एका चढाईत अधिकात अधिक आठ गुण मिळतात. जो सामना आठ किंवा त्याहून कमी गुणांनी जिंकला वा हरला जातो, त्याला म्हणूनच अटीतटीचा समजतात. हंगामात बारा सामने होतात, आणि त्यांपैकी सहा जिंकणाऱ्या संघास सामान्यतः वर्षअखेरच्या निमंत्रितांच्या सामन्यात मानाने खेळावयास मिळते.

आता या संघाचा २०२१ सालचा हंगाम पाहा. बारा सामन्यांपैकी त्याने तीन जिंकले व नऊ गमावले. एवढेच ऐकणारा म्हणेल की, संघ अगदीच दुबळा असला पाहिजे. परंतु या नऊ पराभवांपैकी एकही नऊ गुणांहून अधिक अंतराने झालेला नव्हता. नऊ सामन्यांत मिळून प्रतिपक्षांनी २५५ गुण मिळविले आणि नेब्रास्काने १९९; म्हणजे प्रत्येक पराभवामागे सरासरी सहा गुणांचे अंतर. साऱ्या हंगामाचे गुण एकत्र केले, तर नेब्रास्काचे ३३५ होतात व प्रतिपक्षांचे २७२. जिंकलेले तीन सामने फार मोठ्या फरकाने जिंकल्यामुळे ही बेरीज फुगली, हे खरे. तरीही घेतलेल्या गुणांहून दिलेले गुण कमी असताना नऊ सामने हरणे ही विलक्षणच गोष्ट म्हटली पाहिजे.

दोन वर्षांनी, २०२३ साली, नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली हाच प्रकार निराळ्या रीतीने घडला. पहिल्या आठ सामन्यांपैकी पाच जिंकून संघाने आशा निर्माण केली. उरलेल्या चारांपैकी एक जिंकला असता, तर सहावा विजय पदरात पडला असता. पण नोव्हेंबर महिन्यात मिशिगन स्टेटने २०-१७, मेरिलँडने १३-१०, विस्कॉन्सिनने जादा वेळेत २४-१७ आणि आयोवाने १३-१० असे त्याला हरविले. चार पराभव मिळून अंतर अवघे सोळा गुणांचे!

या सर्वांचे खापर दैवावर फोडता येईल काय? एखाद्या सामन्यापुरते अवश्य येईल. लंबगोल चेंडू जमिनीवर आपटून कोणत्या बाजूस उसळेल, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि त्या एका उसळीने निकाल फिरू शकतो. परंतु दैव काही एकाच घराचा उंबरठा नेहमी झिजवीत नाही. २०१८ च्या हंगामापासून सप्टेंबर २०२२ पर्यंत स्कॉट फ्रॉस्ट हे या संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या कारकिर्दीत संघाने अटीतटीचे सत्तावीस सामने खेळले. त्यांतील केवळ पाच जिंकले आणि बावीस गमावले. नाणे सत्तावीस वेळा उडवावे आणि छाप पाच किंवा त्याहून कमी वेळा पडावी, असा योग गणिताच्या हिशेबाने सुमारे तेराशे मालिकांतून एकदा येतो. जे तेराशांतून एकदा घडावयाचे, ते आपल्याच वाट्याला आले असे म्हणत बसण्यापेक्षा आपल्या खेळात कोठे उणे आहे हे शोधणे अधिक शहाणपणाचे नव्हे काय? ‘दैव देते आणि कर्म नेते’ ही म्हण अशाच अनुभवातून आलेली असावी.

दुसरे कारण अवसानघाताचे. हे खेळाडू आयत्या वेळी घाबरतात, त्यांच्या अंगी जिगर नाही, असे प्रेक्षक रागारागाने बोलतात. हा आरोप अधिक गंभीर आहे. कारण तो अठरा ते बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या शीलावर केलेला असतो. म्हणून तो पुराव्यावाचून मान्य करता कामा नये. २०२१ मधील मिशिगन स्टेटविरुद्धचा सामना घ्या. नियमित वेळेच्या उत्तरार्धात नेब्रास्काच्या बचावाने प्रतिपक्षाला एकदाही दहा यार्डांची मजल मारू दिली नाही. ज्यांची छाती दडपली आहे, त्यांच्या हातून असा बचाव होत नाही. मग सामना गेला कसा? सुमारे चार मिनिटे उरली असता नेब्रास्काच्या खेळाडूने चेंडू लाथेने दूर उडविला, परंतु तो ठरलेल्या बाजूऐवजी दुसऱ्याच बाजूला गेला. रक्षक एका बाजूस धावले आणि चेंडू दुसऱ्या बाजूस पडला. प्रतिपक्षाचा गडी तो घेऊन ६२ यार्ड मोकळा पळाला. बरोबरी झाली आणि जादा वेळेत संघ हरला.

त्याच वर्षीचा इलिनॉयविरुद्धचा पहिला सामना याहून बोलका आहे. तो आठ गुणांनी गेला. त्यात गोल झाल्यानंतरची एकेका गुणाची लाथ दोनदा हुकली. स्वतःच्या शेवटच्या रेषेजवळ चेंडू झेलण्याच्या चुकीने प्रतिपक्षाला दोन गुण आयते मिळाले. मध्यंतरापूर्वी हातून निसटलेल्या चेंडूवर त्याने आणखी सात मिळविले. बेरीज करा. या तीन प्रकारच्या चुकांची किंमत अकरा गुण झाली, आणि पराभव आठ गुणांचा! त्यांतील बहुतेक चुका पूर्वार्धातच झाल्या होत्या. तेव्हा शेवटच्या मिनिटाचे दडपण कोठेच नव्हते. हंगामाच्या शेवटी आयोवाविरुद्ध २१-६ अशी आघाडी घेतल्यानंतर नेब्रास्काने उडविलेला चेंडू पायापाशीच अडविला गेला, त्यावर प्रतिपक्षाने गोल केला आणि अखेर सामना २८-२१ असा हातचा गेला. २०२३ मधील मेरिलँडविरुद्धच्या सामन्यात चेंडू पाच वेळा प्रतिपक्षाच्या हाती गेला आणि पराभव तीन गुणांनी झाला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दोन पक्ष तुल्यबळ असले म्हणजे मोठ्या गोष्टी एकमेकींना छेदून जातात आणि निकाल लहान गोष्टींवर येऊन ठरतो. चाळीस गुणांनी जिंकणाऱ्याच्या दहा चुका खपून जातात. अटीतटीच्या सामन्यात एकही खपत नाही. हंगामाच्या उत्तरार्धात तर हे अधिकच जाणवते. तोवर अंगे दुखावलेली असतात, थंडी पडू लागते, आणि मुख्य खेळाडूंच्या जागी राखीव खेळाडूंना उभे राहावे लागते. २०२३ मध्ये आरंभापासून चेंडू फेकण्याची कामगिरी निरनिराळ्या सामन्यांत तिघांकडे द्यावी लागली. थकलेल्या शरीराला विचार करण्यास सवड नसते; ते सवयीप्रमाणे वागते. सवय नेटकी असेल, तर ती तारते. ढिसाळ असेल, तर तेथेच घात होतो. शेवटच्या मिनिटाला धैर्य गोळा करू पाहणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच आहे.

सगळेच निसटते पराभव मात्र एका मापाने मोजू नयेत. २ जानेवारी १९८४ रोजी मायामी येथे याच नेब्रास्काचा संघ स्थानिक विद्यापीठाशी अजिंक्यपदासाठी खेळत होता. त्या हंगामात तोवर तो एकही सामना हरला नव्हता. ४८ सेकंद उरली असता गोल करून त्याने गुणसंख्या ३१-३० वर आणली. साधी लाथ मारून एक गुण घेतला असता, तर सामना बरोबरीत सुटला असता आणि अजिंक्यपद बहुधा नेब्रास्कालाच मिळाले असते. परंतु प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी बरोबरीचा मार्ग नाकारून विजयासाठी दोन गुणांचा प्रयत्न करविला. तो फसला. एका गुणाने अजिंक्यपद गेले. पण या पराभवाबद्दल त्यांच्या नावाला उणेपणा आला नाही, उलट मानच मिळाला. विचारपूर्वक घेतलेला धोका आणि निष्काळजीपणाची चूक या भिन्न गोष्टी होत.

त्याच ऑस्बोर्न यांच्या संघाने पुढे या रोगावर उपायही दाखवून दिला. १ जानेवारी १९९४ रोजी मायामी येथेच फ्लोरिडा स्टेटविरुद्ध एक मिनिट सोळा सेकंद उरली असता नेब्रास्काने १६-१५ अशी आघाडी घेतली. लगेच मारलेला चेंडू सीमारेषेबाहेर गेला, प्रतिपक्षाला सोयीची जागा मिळाली आणि त्याने तीन गुण केले. अगदी शेवटी नेब्रास्काने ४५ यार्डांवरून मारलेली लाथ हुकली आणि सामना १८-१६ असा गेला. ती शेवटची लाथ पुष्कळांच्या ध्यानात राहते. आधी बाहेर गेलेला चेंडू फारसा कोणाला आठवत नाही.

त्या संघाने दैवाला दोष दिला नाही, की लाथ हुकलेल्या सोबत्यालाही दिला नाही. पुढील हंगामाच्या तयारीत मैदानावरच्या घड्याळात एक मिनिट सोळा सेकंद ही वेळ लावून ते व्यायाम करीत. वर्षभरानंतर, १ जानेवारी १९९५ रोजी, त्याच मैदानावर मायामीविरुद्ध शेवटचा चतुर्थांश सुरू झाला, तेव्हा नेब्रास्का ९-१७ असा मागे होता. परंतु त्या शेवटच्या भागात प्रतिपक्ष दमला आणि नेब्रास्काचे खेळाडू ताजेतवाने राहिले. पंधरा गुण मिळवून त्यांनी सामना २४-१७ असा जिंकला व अजिंक्यपद पटकावले. तो विजय मायामीत दिसला. त्याची मशागत लिंकन येथील व्यायामशाळेत झाली होती.

अशी सुधारणा एका रात्रीत होत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. स्वतः फ्रॉस्ट हे १९९७ च्या अजिंक्य संघाचे मुख्य खेळाडू होते; विजय कसा असतो हे त्यांना चांगले ठाऊक होते. तरीही ती सवय त्यांना आपल्या शिष्यांत उतरविता आली नाही. त्यांच्यानंतर आलेल्या मॅट रूल यांच्या संघाला सहावा विजय मिळावयास २३ नोव्हेंबर २०२४ चा दिवस उजाडावा लागला. त्यानंतरच्याच सामन्यात आयोवाने पुन्हा शेवटच्या लाथेवर १३-१० असे हरविले. परंतु वर्षअखेर न्यूयॉर्क येथील निमंत्रितांच्या सामन्यात बोस्टन कॉलेजने पिछाडी भरून काढीत २०-१५ पर्यंत मजल मारली, तेव्हा नेब्रास्काने आपली आघाडी सोडली नाही. जुनी खोड गेली असे एवढ्याने म्हणता येणार नाही. पण ती घालविता येते, एवढे मात्र दिसून आले.

कोणी थोडक्यात हरला म्हणजे आपली दृष्टी साहजिकच शेवटच्या क्षणावर खिळते, आणि त्या क्षणी ज्याच्या हातून चूक घडली त्या एकट्याला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. हे न्यायाचे नाही आणि उपयोगाचेही नाही. त्याची चूक शेवटी झाली, म्हणून दिसली. इतरांच्या चुका आधी झाल्या, म्हणून विस्मृतीत गेल्या. हिशेब मात्र सर्वांचा मिळूनच होतो. तेव्हा हरलेल्याने ‘शेवटच्या मिनिटात काय झाले?’ एवढेच विचारून थांबू नये. त्याआधीची एकोणसाठ मिनिटे कशी गेली, आणि सामन्याआधीचे सहा महिने कसे गेले, हेही स्वतःला विचारावे. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर जो शोधील, त्याचा निसटता पराभव वाया जाणार नाही.