दोन पदव्या कोणासाठी?

एकाच विद्यार्थ्याने दोन विद्यापीठांत शिकून दोन पदव्या घ्याव्यात आणि त्यांतील एक अभियांत्रिकीची असावी, ही योजना आपल्याकडे हल्ली मोठ्या प्रतिष्ठेच्या भाषेत मांडली जाते. परदेशी नाव आणि जागतिक क्रमवारी यांचा त्यात बराच बडेजाव असतो. ज्या अमेरिकेकडे पाहून हा बडेजाव चालतो, तेथे अशाच एका योजनेचा जन्म मात्र अगदी निराळ्या गरजेतून झाला होता.

जॉर्जिया टेक ही सरकारी अभियांत्रिकी संस्था अटलांटा शहरात १८८८ साली सुरू झाली. तिला पोसणाऱ्या सरकारी तिजोरीत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा व मजुरांचाही कर जमा होत होता. तरीही पहिल्या तीन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तेथे पाऊल ठेवता आले ते १९६१ मध्ये. ७३ वर्षे आईबापांनी कर भरावा आणि मुलांनी फाटकाबाहेर उभे राहावे, असा हा न्याय होता! त्याच शहरात, अवघ्या काही किलोमीटरवर, दास्यमुक्त समाजासाठी निघालेली महाविद्यालये होती. मार्टिन ल्यूथर किंग जेथून १९४८ साली पदवीधर झाले ते मोअरहाऊस १८६७ मध्ये स्थापन झालेले; मुलींचे स्पेलमन १८८१ मध्ये एका चर्चच्या तळघरात सुरू झालेले. (जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्यविरोधी जनतेला अर्पण केली ती १८७३ साली, म्हणजे याच काळात.) या महाविद्यालयांत गणित व पदार्थविज्ञान उत्तम शिकविले जाई, अभियांत्रिकीची यंत्रशाळा उभारण्याइतका पैसा मात्र त्यांच्यापाशी नव्हता.

१९६९ मध्ये या दोन बाजूंत करार झाला. विद्यार्थ्याने पहिली तीन वर्षे आपल्या महाविद्यालयात काढावयाची, नंतरची दोन जॉर्जिया टेकमध्ये. शेवटी दोन्हीकडच्या पदव्या हाती पडावयाच्या. पुढे मिशिगनसारखी इतर विद्यापीठेही या करारात आली. स्पेलमनच्या मुलींना तर हे दार दुहेरी बंद होते, कारण जॉर्जिया टेकने कोणत्याही वर्णाच्या स्त्रियांना प्रवेश दिला तोच मुळी १९५२ मध्ये.

या योजनेवर एक आक्षेप घेता येतो आणि तो खोटा नाही. कृष्णवर्णीयांच्या संस्थांना स्वतःची अभियांत्रिकी शाळा देण्याचे कर्तव्य समाजाने टाळले, आणि त्यांच्या हुशार मुलांना दुसऱ्याच्या घरी पाठविण्यावर भागविले. शिवाय चौथ्या वर्षी त्या मुलाला आपली माणसे सोडून, आधीच घट्ट जमलेल्या परक्या वर्गात जाऊन बसावे लागते. सर्वांत जड असते ते पाचवे वर्ष. चारऐवजी पाच वर्षे शिकणे म्हणजे एका वर्षाचे जादा शुल्क आणि एका वर्षाची बुडालेली कमाई. बाहेरच्या राज्यातून आलेल्याला सरकारी संस्थेचे शुल्कही चढ्या दराने भरावे लागते. गरीब घरच्या मुलाचे पाऊल अडते ते बहुधा येथेच, बुद्धीपाशी नव्हे. एवढे असूनही त्या कराराने निदान कोणासाठी दार उघडावयाचे हे आधी ठरविले होते.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये दुहेरी पदवीचे नियम केले. ‘नॅक’चे किमान ३.०१ गुणांकन असलेली भारतीय संस्था जागतिक क्रमवारीतील पहिल्या हजारांपैकी परदेशी संस्थेशी वेगळ्या मंजुरीविना करार करू शकते. विद्यार्थ्याने किमान ३० टक्के श्रेयांक भारतीय संस्थेत मिळविले म्हणजे झाले. उरलेले ७० टक्क्यांपर्यंत परदेशात, डॉलरच्या भावाने! पात्रतेची सारी कसोटी संस्थांच्या मानांकनाची. विद्यार्थ्याची कसोटी बापाच्या खिशावर सोडलेली.

सरकारी मदतीकडे बोट दाखविणाऱ्यांनी तिच्या अटी वाचाव्यात. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर व पीएच. डी. अभ्यासक्रमांसाठी आहेत. अभियांत्रिकीच्या पहिल्याच पदवीसाठी दोन वर्षे परदेशी जाऊ पाहणारा दलित किंवा भूमिहीनाचा मुलगा त्यांत बसत नाही. ही अट बदलावी, आणि असा करार करणाऱ्या प्रत्येक संस्थेने सवलतीच्या शुल्कावरील किती विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठात पोहोचले व किती अर्ध्यावर राहिले याचा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध करावा, एवढी मागणी विद्यार्थी संघटनांनी आयोगाच्या दारी नेण्यास काहीच हरकत नाही.